उसनी वाक्यं

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर एक तीन मजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली जी तिरपी जागा उरते तिथे लोक एरवी मोडक्या सायकली ठेवतात. पण इथे एकोणीस वर्षं टायपिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक टेबल, एक कॉम्प्युटर, खोकत खोकत चालणारा प्रिंटर, पानांना भोकं पाडून स्पायरल घालायचं यंत्र आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकचं एक स्टूल. छत इतकं उतरतं होतं की उंच मुलं आत शिरली की आपोआप मान तुकवून उभी राहायची, आणि प्रत्येक जण काहीतरी चूक कबूल करायला आल्यासारखा दिसायचा.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळं कॉलेज टायपिंगवाल्या ताई म्हणायचं. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. लग्न करायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं, राहून गेलं इतकंच. घरी म्हातारे वडील. चाळीस वर्षं शाळामास्तर होते, आता कानांनी अगदीच दगा दिलेला. ताई स्वतः याच कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत साहित्य शिकल्या होत्या. मग आई अंथरुणाला खिळली, आणि नाव जे कमी केलं ते केलंच. पुढे आई गेली, पण ताई काही परत वर्गात गेल्या नाहीत. फाटकाच्या अलीकडेच राहिल्या.

त्यांच्याकडे येणारं काम म्हणजे मुलांचे निबंध. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक मोठा निबंध लिहावा लागायचा; कुणी जुन्या महाकाव्यावर, कुणी एखाद्या शोकांतिकेवर, कुणी धर्मग्रंथातल्या एखाद्या कथेवर, कुणी 'जगात दुःख आहे तर ईश्वर दयाळू कसा' असल्या प्रश्नावर. बहुतेक मुलांनी या प्रश्नांची उत्तरं सबमिशनच्या आदल्या दोन दिवसांत शोधलेली असायची. ताईंनी एकोणीस वर्षांत पाप-पुण्य, नियती, आत्मा, मोक्ष इतक्या वेळा टाइप केलं होतं की कीबोर्डवरची काही अक्षरं पार पुसून गेली होती. तरी त्यांना कंटाळा येत नसे. प्रत्येक निबंधात कुठेतरी एखादं वाक्य लखकन चमकून जातं, अशी त्यांची खात्री होती, आणि तसं वाक्य सापडलं की त्या ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून ठेवायच्या. नाव नाही, तारीख नाही, नुसतं वाक्य.

इथवर सगळं ठीक होतं. गडबड झाली ती हळूहळू.

आधी त्या फक्त शुद्धलेखन सुधारायच्या. त्यात कुणाचं काय बिघडणार? मग अर्धवट सुटलेलं वाक्य पुरं करायला लागल्या. मग दर परिच्छेदाच्या शेवटी मुलं 'अशा प्रकारे आपल्याला असे दिसून येते की' असं जे शेपूट लावतात, ते छाटायला लागल्या. आणि एक दिवस कुणाचा तरी निबंध ऐन रंगात येता येता कोसळला, तेव्हा त्यांनी वही उघडली आणि चार वर्षांपूर्वीच्या कुणा मुलीचं एक वाक्य तिथे अलगद बसवून दिलं. काय बसलं म्हणता! जणू त्या जागेसाठीच घडवलेलं. ताई त्या दिवशी घरी जाताना स्वतःशीच हसत होत्या.

मुलांना पत्ता नव्हता. टाइप केलेलं परत वाचायची कुणाला सवड? सरळ कॉलेजात नेऊन द्यायचे. मार्क मात्र चांगले पडायचे. "ताईंचा हात लागला की निबंध उजळतो," असं एकमेकांना सांगायचे. काही जणांचं मत होतं की सगळी करामत ताईंच्या फॉन्टची आहे. ताई ऐकायच्या, "पुरे रे," म्हणायच्या, आणि आतून फुलून यायच्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुख मॅडमनी, अमक्याच्या निबंधाखाली 'सुंदर' लिहिलं, हे कळलं की त्यांना वाटायचं, त्यातलं अर्धं सुंदर आपलं.

त्या वर्षी दोन मुलं त्यांच्याकडे आली. ताईंची खोड अशी की मुलांची नावं लक्षात ठेवायच्या नाहीत, टोपणनावं ठेवायच्या. एका मुलीचं नाव त्यांनी 'खोडरबर' ठेवलं होतं. चष्मा, बारीक आवाज, आणि सगळा निबंध पेन्सिलीने लिहिलेला. लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. काही पानं खोडून खोडून इतकी पातळ झाली होती की खालचं पान वरून दिसायचं. बावीस पानं होती. एका जुन्या धर्मग्रंथात एक राणी भर सभेत गप्प बसते, त्या गप्प बसण्यावर तिने बावीस पानं लिहिली होती.

ताईंनी पहिल्या पानालाच ओळखलं की हे काम निराळं आहे. सातव्या पानावर एक जागा आली. 'राणी बोलली नाही, म्हणून तिला बोलायचे नव्हते असा अर्थ आपण लावतो. पण ग्रंथकर्त्याने तिला पुढची ओळच दिली नाही, हे कोणी मोजत नाही.' त्यापुढे आणखी दोन वाक्यं होती, तीही तशीच. ताईंची बोटं थांबली. एकोणीस वर्षांत त्या असं बसून राहिल्या नव्हत्या. बाहेर कुणीतरी झेरॉक्सबद्दल विचारत होतं, त्याला त्यांनी हातानेच पुढचं दुकान दाखवलं.

खोडरबरने टाइप केलेली पहिली प्रत घरी नेली. "मी नीट वाचून, बदल करून आणते. दहा दिवस लागतील," ती म्हणाली. "पेन्सिलीची पानं तुमच्याकडेच राहू द्या ताई, शेवटी पडताळून बघता येईल." ताईंनी ती पानं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

मधल्या दहा दिवसांत दुसरा आला. हा 'आलोच'. नाव पडायचं कारण असं की कागद टेबलावर टाकून "ताई, आलोच!" म्हणून जो जायचा, तो दुकान बंद व्हायच्या वेळेला उगवायचा. पोरगा गोड होता, वाईट नव्हता, पण अभ्यास त्याच्या अंगावरून पाण्यासारखा ओघळून जायचा. त्याचा निबंध अकरा पानांचा, एका शोकांतिकेतल्या आईवर. दुसऱ्या दिवशी सबमिशन. पाचव्या पानावर आई मुलासमोर गप्प उभी राहते असा प्रसंग होता, आणि त्याखाली आलोचने लिहिलं होतं, 'यावरून आईचा स्वभाव शांत होता हे दिसून येते.'

ताईंच्या जिवाची नुसती तगमग झाली. शांत होता! वही काढायचीही गरज पडली नाही. ती चार वाक्यं बोटांतच होती. 'राणी'च्या जागी 'आई' आलं, 'ग्रंथकर्ता'च्या जागी 'नाटककार'. मनात एकदा आलं, अगं, दोघं एकाच विभागातली आहेत. पण लगेच वाटलं, विषय वेगळा, पेपर वेगळा, तपासणारे वेगळे. कोण ताडून बघतंय? आणि प्रिंटर खोकायला लागला.

आलोचने निबंध वेळेत दिला. खोडरबरने चार दिवसांनी.

आता त्या वर्षी काय ठरलं होतं, की विभागातून एकाच विद्यार्थ्याची शिफारस मोठ्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी पाठवायची. त्यामुळे दोन्ही पेपरांचे सगळे निबंध विभागप्रमुख मॅडम स्वतः वाचायला बसल्या. आणि एकाच दिवशी, चार निबंधांच्या अंतराने, त्यांना तीच चार वाक्यं दोनदा भेटली.

दोघांना बोलावणं गेलं. आलोचने आपला निबंध टाइप झाल्यावर डोळ्यांखालूनही घातला नव्हता. मॅडमनी बोट ठेवून विचारलं, "हे तुझं आहे?" तो बघतच राहिला. आपल्या निबंधात आहे म्हणजे आपलंच असणार. नाही म्हणावं तर लिहिलं कुणी, हा प्रश्न येणार. "हो, माझंच आहे," तो म्हणाला. खोडरबरही म्हणाली, "माझं आहे." पण तिचा निबंध चार दिवस उशिराचा. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुझी कच्ची पानं असतील तर आण. विचार कुठून कुठे गेला ते दिसलं की मला पुरे आहे."

मंगळवारी दुपारी खोडरबर जिन्याखाली आली. पळत आली असावी. दम लागला होता, पण चेहऱ्यावर काळजी नव्हती. आपली पानं कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं ना. तिने सगळी हकीगत सांगितली. "वेडेपणाच आहे सगळा ताई. त्याच्याकडे ते कसं गेलं देव जाणे. तुम्ही फक्त माझी ती पेन्सिलीची पानं द्या. त्यात सातव्या पानावर मी दोन वेळा खोडलंय, ते मॅडमना दाखवते."

ड्रॉवर ताईंच्या गुडघ्याला टेकत होता.

पानं दिली की मुलगी सुटणार. मग मॅडम विचारणार, मुलाकडे ही वाक्यं गेली कशी? दोघांच्या मधे होतं कोण? एकोणीस वर्षं, फाटकासमोरचं दुकान, 'ताईंचा हात लागला की', सगळं ताईंच्या डोळ्यांपुढून सर्रकन गेलं.  आणि त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच रोजच्या मायाळू आवाजात शब्द बाहेर आले, "अगं, ती तर रद्दीत गेली. आठवड्याची रद्दी काढते ना मी."

खोडरबर स्टुलावर बसली. रडली नाही, आरडाओरडा केला नाही. नुसतं म्हणाली, "बरं." मग जाता जाता मागे वळून, "चूक माझीच, मीच ठेवून घ्यायला हवी होती. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ते शेवटचं वाक्य ताईंच्या काळजात रुतून बसलं ते कायमचं.

बुधवार गेला. गुरुवार गेला. ताई टाइप करत होत्या, पण आता दुसऱ्याचं वाक्य नुसतं सरळ करायलाही हात धजेना. कुणी चप्पल वाजवत जिना उतरलं तरी नजर ड्रॉवरकडे जायची. ड्रॉवरला त्यांनी कुलूप लावलं; मग आपण कुलूप लावलं याचीच लाज वाटून काढून टाकलं. शुक्रवारी आलोच येऊन उगाच स्टुलावर बसला. त्याचाही चेहरा उतरलेला. "ताई, माझ्या निबंधात ते होतं ना हो? मी दिलेल्या कागदात?" त्याने विचारलं. ताई स्पायरलचं यंत्र पुसत म्हणाल्या, "मला काय आठवतंय, इतके येतात." तो "हं" म्हणाला आणि गेला. ज्या बाईला दहा वर्षांपूर्वीच्या निबंधातलं वाक्य स्वल्पविरामासकट आठवायचं, तिने हे सांगितलं.

शनिवारी सकाळी वडील आरामखुर्चीत बसले होते, आणि ताई त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने पेपर वाचून दाखवत होत्या. मधेच वाचणं थांबलं. वडिलांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"बाबा, मी खोटं बोलले," ताई पुटपुटल्या.

"काय?" वडिलांनी कानामागे हात धरला.

"मी एका मुलीशी खोटं बोलले."

"मुलीचं काय?"

आता हे असं असतं. माणूस आयुष्यात एकदा कधीतरी कबुली द्यायला धजतो, तर ऐकणाऱ्याला ऐकूच येत नाही. ताईंनी आवाज चढवला. मग आणखी चढवला. "मी मुलांच्या निबंधात दुसऱ्यांची वाक्यं घालते, बाबा! एका मुलीवर चोरीचा आळ आलाय! तिची पानं माझ्याकडे आहेत आणि मी नाही म्हणून सांगितलं!" समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी शेजारीण हातातला टॉवेल तसाच धरून थांबली. खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झाला. ताईंच्या कानशिलांतून नुसत्या वाफा निघत होत्या, पण वडिलांना अजून शेवटचा भाग कळला नव्हता, म्हणून तो त्यांनी तिसऱ्यांदा ओरडून सांगितला.

 वडिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलाने भलतंच उत्तर दिल्यावर ते असे बघत असणार. मग म्हणाले, "किती वर्षं घालतेस?"

ताईंनी हाताची बोटं दाखवली. एका हाताची पुरली नाहीत.

"आणि मुलांना माहीत नाही?"

ताईंनी मान हलवली.

"पानं कुठे आहेत?"

"दुकानात. ड्रॉवरमध्ये."

"मग इथे मला पेपर काय वाचून दाखवतेस?" वडील म्हणाले, आणि त्यांनी पेपर लेकीच्या हातातून काढून घेतला.

ताई उठल्या. दुकानातून बावीस पानं घेतली, निळी वही घेतली, आणि तीस वर्षांनी कॉलेजच्या फाटकातून आत गेल्या. विभागाबाहेरच्या बाकावर बसून राहावं लागलं. येणारी-जाणारी मुलं "अरे ताई, तुम्ही इकडे कुठे?" म्हणून हसून विचारत होती आणि त्या हसण्याने ताई जास्तच चोरट्यासारख्या आकसत होत्या. जमिनीने पोटात घ्यावं म्हणतात ते काय असतं, हे त्या बाकावर कळलं.

मॅडमची खोली लहान होती. टेबलावर निबंधांचे गठ्ठे, खिडकीत सुकत चाललेली कुंडी. ताईंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बसल्या असत्या तर धीर सुटला असता. मॅडमनी पेन्सिलीची पानं घेतली आणि सातवं पान खिडकीच्या उजेडात धरलं. एकावर एक ओळींचे तीन थर तिथे दिसत होते. 'राणी शांत होती' हे खोडलेलं. त्यावर 'राणीला बोलू दिले नाही' हेही खोडलेलं. आणि मग ते वाक्य.

"मुलगी खरं बोलत होती," मॅडम हळू म्हणाल्या. मग वहीकडे हात केला. "आणि हे?"

त्यांनी वही चाळायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या पानाला त्या थांबल्या, पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे वाक्य," त्या म्हणाल्या, "यावर मी 'सुंदर' लिहिलंय. गेल्या वर्षी. आणि त्याच्या आदल्या वर्षीही, दुसऱ्याच मुलाच्या निबंधात." मग म्हणाल्या, "दोनदा सुंदर लिहिलं आणि मला कळलं नाही. वाचत तरी काय होते मी?"

ताईंना वाटलं होतं मॅडम ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शिफारस?" ताईंनी विचारलं.

"काल संध्याकाळी गेली. तिसऱ्याच एका मुलाची." मॅडमनी तरी फोन लावला. पलीकडून कुणी बराच वेळ बोलत होतं आणि मॅडम नुसतं "हो, समजतं मला, हो" म्हणत होत्या. फोन ठेवून त्यांनी मान हलवली. "यादी बंद झाली. आता पुढच्या वर्षी."

एक वर्ष. ताईंनी मनात मोजलं. मंगळवारी पानं दिली असती, बुधवारी दिली असती, अगदी शुक्रवारी दुपारी, आलोच समोर बसला होता तेव्हा दिली असती, तरी चाललं असतं.

खोडरबर ग्रंथालयातच होती, तिला बोलावलं. ती आत आली, टेबलावर आपली पानं पाहिली आणि पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. "सापडली?" तिने ताईंना विचारलं. तिला वाटलं, ताईंनी रद्दीवाल्याकडे जाऊन शोधून आणली.

"हरवलीच नव्हती," ताई म्हणाल्या. आणि मग तेच सगळं पुन्हा, यावेळी तिच्या डोळ्यांत बघून सांगायचा प्रयत्न करत. प्रयत्नच, नजर राहून राहून तिच्या सँडलच्या तुटक्या पट्ट्यावर जात होती.

मुलगी उभीच होती. तिने 'का' असं विचारलं नाही. ताईंनी 'माफ कर' म्हटलं, ते जणू तिला ऐकूच गेलं नाही. तिने विचारलं ते भलतंच. "माझ्या निबंधात कुणाचं घातलंत?"

"तुझ्यात काही नाही घातलं गं. तुझ्यात गरजच नव्हती."

"खरं सांगा."

मॅडमनी वर पाहिलं.  हे त्या मॅडमनाही सांगणार नव्हत्या. स्वतःलासुद्धा त्यांनी धड सांगितलं नव्हतं. "एक आहे," त्या म्हणाल्या. "अगदी शेवटचं. 'सभा उठून गेली तरी ती तिथेच उभी आहे.' ते कुणाचं नाही, वहीतलं नाही. ते माझं आहे."

मुलीने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "की ते मीच लिहिलं आणि विसरले. घरी वाचताना मला ते सगळ्यात जास्त आवडलं होतं." तिचा आवाज आता मात्र कापायला लागला. "मी आईला ते वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, मला असं लिहिता येतं."

 मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"मला निबंध परत टाइप करून पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या पानांवरून. जसाच्या तसा. मी शेजारी बसेन."

सोमवारी सकाळी ती आली, स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि बसली. ताई टाइप करत होत्या, ती पेन्सिलीचं टोक ओळीवरून सरकवत होती. एका ठिकाणी शब्द चुकीचा लिहिला होता, ताईंची बोटं सवयीने बरोबर लिहून गेली. "तसा नाही," ती म्हणाली. ताईंनी तो खोडून चुकीचा लिहिला. नवव्या पानावरचं एक वाक्य लंगडत होतं, तिलाही ते दिसत होतं, ती क्षणभर थबकली, पण म्हणाली, "राहू द्या." बावीस पानांना दुपार झाली. शेवटच्या पानावर मुलीचा निबंध जिथे संपला होता तिथे संपला. वाक्य साधंच होतं, थोडं अडखळत थांबणारं. ताईंनी पूर्णविराम दिला आणि हात मांडीवर घेतले. मुलीने प्रिंट घेतली, पेन्सिलीची पानं घेतली, मोजून घेतली, आणि गेली. 

मॅडमनी गोष्ट चव्हाट्यावर आणली नाही, पण कॉलेजात अशी गोष्ट कुठे लपते? महिन्याभरात सगळ्यांना ठाऊक झालं. जुने विद्यार्थीही ऐकून होते. त्यातला एक, आता स्वतः शिकवणारा, एकदा दुकानात आला आणि सरळ म्हणाला, "माझ्या निबंधातलं नियतीबद्दलचं वाक्य माझं होतं का हो?" ताईंना आठवत होतं. त्यांनी सांगितलं, "नाही." तो हसायला गेला, ते हसू अर्ध्यावरच थांबलं, आणि मान तशीच खाली ठेवून तो बाहेर पडला. असे आणखी काही आले. ज्यांची वाक्यं ताईंनी उचलली होती त्यांच्यापेक्षा, ज्यांना दिली होती तेच जास्त आले. ताई प्रत्येकाला खरं सांगत गेल्या. दर वेळी तोंड शरमेने तितकंच तापायचं. सवयीने काही ते कमी झालं नाही.

गिऱ्हाईक घटलं. जे येत ते बजावून सांगत, "ताई, काही बदलू नका हं." उलट दोन-तीन जण असेही निघाले, जे हळूच वाकून म्हणाले, "ताई, आमच्या निबंधाला जरा तुमचा हात लावाल का?" त्यांना ताईंनी दारातूनच परत पाठवलं. घरी वडिलांनी हा विषय पुन्हा काढला नाही. फक्त पेपर वाचून दाखवताना ताई कधी एखादी ओळ गाळून पुढे गेल्या, तर ते म्हणायचे, "मधलं वाच." त्यांना ते कसं कळायचं, कोण जाणे.

आलोचला निबंध नव्याने लिहायला लावला होता. त्याने तो स्वतः लिहिला, सुमार लिहिला, आणि जेमतेम पास झाला. वर्षभराने एका दुपारी तो जिन्याखाली आला. कुठेशी नोकरी लागली होती, अर्ज टाइप करून हवा होता. अर्ज होईपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला, या वेळी कुठे गेला नाही.

"मी तेव्हा 'माझंच आहे' म्हणालो ना," तो एकदम म्हणाला, "ते माझ्या डोक्यातून जात नाही."

"तुला कुठे माहीत होतं?"

"माझं नाही एवढं तर माहीत होतं, ताई. मला तसं सुचणं शक्यच नव्हतं."

 दोघंही त्या उतरत्या छताखाली खाली बघत बसले होते. मग तोच म्हणाला, "तिची शिफारस गेली या वर्षी. निवड झाली. मागच्या आठवड्यात गेलीसुद्धा. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो तिला सोडायला."

"हो का?" ताईंचा हात कीबोर्डवर थांबला. "छान झालं." विचारू नये असं त्यांना वाटत होतं, तरी तोंडातून गेलंच. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

आलोचने जरा विचार केला. पोरगा मनाचा चांगला; काहीतरी गोड रचून सांगणं त्याला अवघड नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

ताईंनी मान डोलावली, आणि त्याच्या अर्जातला पुढचा शब्द विचारून घेतला.